टॅब वाटण्याआधी फाईल नीट द्या

ई-रीडर चांगला की छापील पुस्तक, हा वाद आपल्याकडे निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी कोऱ्या पुस्तकाच्या वासावर येतं. त्या वासाबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल घ्यावा, फक्त कोकणात चार पावसाळे काढलेल्या पुस्तकाला कसला वास येतो तेही एकदा सांगावं. आणि मुंबईत वन बीएचकेत राहणाऱ्याची निम्मी पुस्तकं माळ्यावर खोक्यात असतात, ती काढायची म्हणजे आधी शिडी शोधायची, मग खोकं, मग वाळवी लागली नसली तर पुस्तक. तर वासाचं राहू दे. हे यंत्र कोणत्या वाचनाला चालतं, कोणत्याला चालत नाही, मराठीत ते अर्धवटच का चालतं आणि यात सरकारनं नेमकं काय करावं, एवढंच मला बोलायचंय.

आधी एक गोंधळ निस्तरू. बरेच जण ई-रीडर म्हणजे टॅबच समजतात आणि दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघतो, आता पुस्तक पण स्क्रीनवर कशाला, असं म्हणतात. फोनचा आणि टॅबचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो. किंडल, कोबो वगैरेंचा पडदा ई-इंकचा असतो, म्हणजे आत अगदी बारीक कॅप्सूल, त्यात काळे आणि पांढरे कण, वीज दिली की काळे वर येतात नाहीतर पांढरे, आणि एकदा वर आले की तिथेच बसून राहतात, पुढचं पान येईपर्यंत चित्र टिकवायला वीज लागतच नाही. म्हणून बॅटरी आठवडे न आठवडे चालते, आणि बाहेरचाच उजेड त्यावर पडून दिसत असल्यामुळे एसटीच्या खिडकीत भर उन्हात बसूनही वाचता येतं, जिथे फोनचा पार आरसा होतो. नव्या मॉडेलांत लाईट असतो पण तोही पुढून, पानावर पडणारा. शिवाय त्यावर व्हॉट्सॲप येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला डोळ्यांच्या फायद्यापेक्षा हा फायदा मोठा वाटतो, कारण फोनवर पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानाला सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण सुरू झालेलं असतं आणि आपण तिकडे.

ज्यांना या यंत्राचा सगळ्यात जास्त उपयोग आहे त्यांच्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही, साठी-सत्तरीतले वाचक. मराठीत मोठ्या टायपातली पुस्तकं पोथ्या आणि ज्ञानेश्वरी सोडली तर जवळपास निघतच नाहीत. जन्मभर लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचणारा माणूस मोतीबिंदूनंतर वाचन सोडतो तो काही कंटाळून नाही, टाईप बारीक, कागद पातळ, मागच्या पानावरचं पुढे उमटलेलं, आणि पाचशे पानांचं जाडजूड पुस्तक आडवं पडून छातीवर धरायचं तर मनगट दुखतं. ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. आमच्या मावशीनं सुनेच्या किंडलवर टाईप इतका मोठा करून ठेवलाय की एका पानावर जेमतेम आठ-दहा ओळी मावतात, सारखी पानं उलटत बसते, पण वाचते. परदेशातल्या मराठी लोकांचंही तसंच, बॅगेच्या २३ किलोंत चितळेंची बाकरवडी बसवायची की कादंबऱ्या हा प्रश्न दर भारतवारीला पडतो आणि कादंबऱ्या हरतात.

किंमत मात्र बोचते. २०२५ मध्ये किंडलचं पेपरव्हाईट हे नवं मॉडेल भारतात आलं ते १६,९९९ रुपयांना. तीनशेच्या हिशेबानं पन्नासवर पुस्तकं झाली, आणि यंत्र घेतल्यावर पुस्तकांचे पैसे वेगळेच. त्यात सरकारची गंमत बघा, छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, ई-बुकवर आधी १८ टक्के लावला, २०१८ मध्ये तो ५ वर आणला, तोही त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच. म्हणजे नुसतंच ई-बुक म्हणून निघालेलं पुस्तक कर लावायच्या दृष्टीनं पुस्तकच नाही.

आता अभ्यासाचं बघू, कारण खरा घोळ तिथे आहे. सलग वाचून काढणं आणि अभ्यास करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ई-रीडर पहिल्याला जितका छान तितकाच दुसऱ्याला वैतागवाणा. अभ्यास करताना माणूस पानापानानं सरळ पुढे जात नाही, एक बोट अनुक्रमणिकेत, एक बोट शेवटच्या तक्त्यात, मधेच मागे जाऊन आकृती बघायची, समासात पेन्सिलनं काहीतरी खरडायचं. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा, एमपीएससीची मुलं, प्रत्येकाकडे फोन आहे, बऱ्याच जणांकडे टॅब किंवा लॅपटॉप आहे, टेलिग्रामवरून आलेल्या पीडीएफचा ढीग आहे, आणि तरीही खाली झेरॉक्सवाल्याकडे रांग आणि टेबलावर स्पायरल बाइंडिंग, तीन रंगांचे हायलायटर. या मुलांना टेक्नॉलॉजीची भीती वाटते असं कोणी म्हणणार नाही. त्यांना ते वाक्य पुस्तकात कुठे होतं ते आठवतं, उजव्या पानावर खाली, तक्त्याच्या वर, आणि ई-रीडरवर टाईप बदलला की ते वाक्य जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसतं.

अमेरिकेत हा प्रयोग फार आधीच झालाय. २००९ मध्ये ॲमेझॉननं पावणेदहा इंची पडद्याचा किंडल डीएक्स काढला, ४८९ डॉलरचा, खास पाठ्यपुस्तकं आणि पेपर डोळ्यांसमोर ठेवून, आणि प्रिन्स्टन, ॲरिझोना स्टेट, रीड, व्हर्जिनियाचं डार्डन बिझनेस स्कूल अशा ठिकाणी वर्गात वापरून बघितला. प्रिन्स्टनमध्ये मुलांचं प्रिंटिंग निम्म्यावर आलं हे चांगलंच झालं, पण टिपा घेता येत नाहीत नीट, पानं चाळता येत नाहीत, पान नंबर नाहीत त्यामुळे सर कुठलं पान म्हणतायत ते कळत नाही, या तक्रारी सगळीकडून आल्या. डार्डनच्या मुलांना दोन प्रश्न विचारले होते, नव्यानं येणाऱ्या विद्यार्थ्याला हे यंत्र घे म्हणून सांगाल का, तर ७५ ते ८० टक्के म्हणाले नाही, आणि घरी आवडीचं वाचायला कोणाला सुचवाल का, तर ९० टक्क्यांहून जास्त हो म्हणाले. यंत्र तेच, मुलं तीच. यंत्रं आता बरीच सुधारलीत, पेननं लिहिता येणारे मोठे ई-रीडर आलेत, पण त्यांच्या किमतीत चांगला लॅपटॉप येतो.

संशोधनाचंही साधारण तेच सांगणं आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून, १ लाख ७० हजारांवर वाचकांचा हिशेब मांडून असं निघालं की माहितीपर मजकूर असेल किंवा वेळेचं बंधन असेल तर कागदावर वाचणाऱ्याला जास्त समजतं, गोष्ट वाचताना मात्र तसा फरक दिसत नाही. यात कॉम्प्युटर आणि टॅब दोन्ही आले, त्यामुळे हे सगळं जसंच्या तसं ई-इंकला चिकटवता येणार नाही. खास किंडलवरचा एक प्रयोग २०१९ मध्ये छापून आला, पन्नास जणांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडलवर, आणि बाकी बहुतेक बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले, फक्त कशानंतर काय घडलं हा क्रम लावताना किंडलवाले मागे पडले. पन्नासच माणसं, म्हणून फार ताणू नये. पण इतिहासाचा पेपर देणाऱ्यानं हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

एवढं असूनही शाळेच्या दप्तराचा विषय निघाला की पुढाऱ्यांना टॅब आठवतो. दप्तर जड आहे हे खरंच आहे, मुंबई उच्च न्यायालयात त्यावर वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त दप्तर नको असं सरकारी धोरण सांगतं, म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन किलो. पाण्याची बाटली, डबा, सहा वह्या आणि क्लासचं गाईड यातच ते संपतं हा भाग वेगळा. त्यावर दोन उपाय आपण करून बघितले. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनं आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले, आणि टॅबचं जे व्हायचं तेच होतं, वॉरंटी संपते, चार्जर हरवतो, मधेच अभ्यासक्रम बदलतो आणि आतला मजकूर जुना होतो, मग पुन्हा नवीन टेंडर. दुसरा उपाय बालभारतीचा, २०२३-२४ पासून पुस्तकाचे चार भाग आणि मधे लिहायला कोरी पानं. ती कल्पना मला वाईट वाटली नव्हती, निदान मुलाच्या पाठीचा विचार त्यात होता, पण वह्या काही कमी झाल्या नाहीत आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली.

माझं म्हणणं असं आहे की शाळेतल्या मुलाच्या हातात मुख्य पुस्तक छापीलच असावं, निदान दहावीपर्यंत तरी. भूगोलाचा नकाशा, गणितातली मांडणी, विज्ञानातली आकृती सहा इंचात बघायची गोष्ट नाही. आणि साठ मुलांच्या वर्गात रोज चारपाच यंत्रं बंद पडलेली असणार, त्या मुलांनी त्या तासाला काय करायचं? छापील पुस्तक पडलं तर कव्हर फाटतं, खळ लावली की झालं. पण याचा अर्थ बालभारतीनं ई-बुक काढूच नये असा मुळीच नाही, उलट खरं तेच काम राहिलंय.

बालभारतीची पुस्तकं वेबसाईटवर फुकट मिळतात, ही खरंच मोठी सोय आहे, लॉकडाऊनमध्ये तिच्यावर किती घरं चालली ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती पीडीएफ आहेत. पीडीएफमध्ये पान जसं छापायचं तसंच्या तसं गोठवलेलं असतं, त्यामुळे ई-रीडरवर किंवा फोनवर उघडलं की मुंग्यांसारखी अक्षरं, मोठं करायला जावं तर ओळ पडद्याबाहेर, मग डावीकडून उजवीकडे सरकवत एकेक ओळ वाचायची. ईपब हा ई-बुकसाठीच बनवलेला फाईलचा प्रकार, त्यात तसं होत नाही, टाईप मोठा केला की मजकूर आपोआप पडद्याच्या मापात बसतो, आणि २०२२ पासून किंडलवरही ईपब पाठवता येतो, कोबोवर आणि फोनवर तर आधीपासून चालतोच. म्हणजे एक फाईल नीट केली की सगळीकडे चालली.

अडचण आणखी खोल आहे. आपल्याकडे पुस्तकांचं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, वर्षानुवर्षं श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टांत झालं, युनिकोडच्या आधीच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, त्यामुळे कित्येक मराठी पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा येतो. डोळ्याला मराठी दिसतं, कॉम्प्युटरला मराठी नसतंच. तिथे शोध चालत नाही, टाईप बदलत नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोड केलं की जोडाक्षरं घसरतात, तऱ्हा आणि दऱ्या यांतला र भलत्याच रूपात येतो, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते, मग कोणीतरी बसून सगळं पुस्तक परत वाचायला लागतं, आणि ते पैसे द्यायला कोणी तयार नसतं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरात आली, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळमबरोबर, पण आजही मराठी ई-बुक उघडलं की पहिल्या दहा पानांत दोनचार शब्द मोडलेले सापडतात. वाचक नाव यंत्राला ठेवतो, दोष फाईलचा असतो.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर ही नुसती गैरसोय नाही, दार बंदच आहे. स्क्रीन रीडर युनिकोड मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो, स्कॅन केलेल्या पानापुढे तो गप्प बसतो. मघाच्या किंडल डीएक्सचीच गोष्ट, यंत्र पुस्तक वाचून दाखवायचं पण मेनू बोलायचा नाही, म्हणजे अंध विद्यार्थ्यानं पुस्तक उघडायचं कसं, म्हणून तिथल्या अंधांच्या संघटनांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला कोर्टात खेचलं आणि २०१० मध्ये तडजोड झाली. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला माराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. करार मंजूर करण्यात पहिले, आणि सरकारी मराठी पुस्तकाची बोलणारी फाईल मागितली तर मिळेल पीडीएफ.

खाजगी प्रकाशकांना मी फार बोलणार नाही, हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, त्यांची भीती समजते, ई-बुक काढलं की दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर फिरणार. पण फिरतंच आहे की! ज्यांचं ई-बुक कधी निघालंच नाही अशी पुस्तकं फोनच्या कॅमेऱ्यानं पान पान स्कॅन करून, वाकड्या फोटोंची पीडीएफ बनवून लोक वाटतायत, त्यात कोणाचं तरी बोट पण आलेलं असतं. म्हणजे ई-बुक न काढून चोरी थांबली नाही, फक्त विकत घ्यायला तयार असलेल्या माणसाला मार्ग उरला नाही.

वाचकाची बाजूही साफ आहे असं नाही. ई-बुक विकत घेतलं म्हणतो आपण, पण मिळते ती वाचायची परवानगी, आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या, विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून, पैसे परत दिले, नंतर माफी मागितली, पण एका शाळकरी मुलानं अभ्यासासाठी काढलेल्या टिपा कुचकामी झाल्या त्याचं काय. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-बुकचं दुकान बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. चीनमधलं किंडलचं दुकान २०२३ मध्ये बंद झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉननं विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोयच काढून टाकली. आपल्याकडे बुकगंगाचं पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये, किंडलचं किंडलमध्ये, एकाचं दुसरीकडे नेता येत नाही. आणि पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हे जास्त लागतं, कारण इंजिनीअरिंगचं जाडजूड पुस्तक वर्ष संपलं की अप्पा बळवंत चौकात विकता येतं, त्यातून पुढच्या सेमिस्टरचं निम्मं पुस्तक निघतं, गावाकडून आलेल्या पोराचं बजेट त्यावर चालतं. ई-बुक कोणाला विकणार?

म्हणूनच जिथे पैसा जनतेचा आहे तिथून सुरुवात व्हावी असं मला वाटतं. बालभारती, साहित्य संस्कृती मंडळ, शासनाचे चरित्रग्रंथ, गॅझेटिअर, ही पुस्तकं कुलूप न लावता ईपबमध्ये द्यायला कोणाची हरकत असणार आहे? चोरीची भीती नाही, कारण फुकटच आहेत. दुकान बंद होण्याची भीती नाही, कारण फाईल आपल्याकडे. मंडळाची कितीतरी दुर्मिळ पुस्तकं आजही वेबसाईटवर फुकट आहेत, पण पीडीएफच. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचं काय झालं ते आठवा, मागणी एवढी की खंड हाताला लागत नाहीत, छपाई रखडल्याची बातमी २०२१ मध्ये आली आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. नीट केलेली फाईल कधी आउट ऑफ प्रिंट होत नाही. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये वेबवर आलाच ना, शोधताही येतो, म्हणजे सरकारला हे जमत नाही असंही नाही. आणि कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी हे सगळे मोकळे झालेत, विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात मोजके स्वयंसेवक एकेक पान तपासत बसलेत, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, विनामोबदला. त्या कामाला सरकारी अनुदानित ग्रंथालयांचा हात लागला तर? अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत राज्यात, आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून २०११ पासून किंडलवर पुस्तक उसनं मिळतंय.

कोणी म्हणेल मुलांकडे ई-रीडर कुठे आहेत. नसू देत. ईपब आईच्या फोनवर चालतो, टाईप मोठा करता येतो, पुस्तक शाळेत राहिलं तर घरी धडा वाचता येतो, म्हणजे दप्तराचंही थोडं काम झालंच. सगळी पुस्तकं एकदम नकोत, भूगोल-गणिताच्या वाटेला तर आत्ता जाऊच नये. कुमारभारती आणि युवकभारती घ्या, मजकूर जास्त, चित्रं कमी. छापायला जाणारं पुस्तक आधी कॉम्प्युटरवरच तयार होतं, त्यामुळे डीटीपीच्या कंत्राटात एक कलम वाढवायचं, छपाईच्या फाईलबरोबर तपासलेला युनिकोड ईपबही द्यायचा, मुद्रितशोधकाची सही असलेला, आणि एका अंध शिक्षकाकडून ऐकून घेतलेला. याचे जास्तीचे किती पैसे लागतील ते डीटीपीवाल्याला विचारा आणि तो आकडा पुढच्या टॅबच्या टेंडरशेजारी लिहून विधिमंडळात ठेवा.